पाहुणे धर्मदूत आणि दुभाषी बंधु

ज्युबिलीचें वर्ष जसें आनंदाचें, तसेंच तें हिशेबाचेंही असतें. पीक हातीं आल्यावर शेतकरी खळ्यावर बसून धान्याचें माप घेतो. त्याचप्रमाणें धर्मग्रामानेंही आपणांस काय मिळालें व आपण दुसऱ्यांस काय दिलें, याचें माप अशा प्रसंगीं घ्यावयाचें असतें. देऊळ कधीं उभें राहिलें, वेदी कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, हें सांगण्याची अशा पुस्तिकांची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आम्ही मात्र वाचकांस याच किनाऱ्याच्या एका जुन्या व थोड्या निराळ्या गोष्टीकडे नेऊं इच्छितों. परक्या मुलुखांत, परकी भाषा बोलणाऱ्या लोकांत, थोड्या काळासाठीं गेलेला धर्मदूत तेथें काय करूं शकतो, आणि तो गेल्यावर त्याच्या मागें काय उरतें, हा आमचा प्रश्न आहे.

पामच्या वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसरच्या भोंवतीं औद्योगिक वसाहत वाढली, आणि दूरदूरच्या प्रांतांतील माणसें पोटासाठीं या बाजूस येऊं लागलीं. दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यांत, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत व डहाणू-तलासरीच्या पाड्यांत, असे बांधव राहतात, कीं ज्यांची बोली व चालीरीति किनाऱ्यावरील माणसास सहजासहजीं उमगत नाहींत. एकाच जिल्ह्यांत कादोडी, वाडवळी, मांगेली व वारली अशा निरनिराळ्या बोली नांदत आहेत. तेव्हां कधीं आपण यजमान असतों, तर कधीं चार कोसांवर जाऊनही पाहुणे होतों. म्हणून पूर्वीं जे पाहुणे आपल्याकडे आले, व आपल्यांतून जे पाहुणे म्हणून बाहेर गेले, त्यांची हकीकत पाहणें उपयोगाचें आहे.

प्रथम जे आपल्याकडे आले, त्यांच्याविषयीं. पोर्तुगीजांचीं गलबतें हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं सुमारें पावणेदोनशें वर्षें, म्हणजे १३२१ सालीं, संत फ्रान्सिसच्या संघाचे चार बंधु ठाण्याच्या बंदरांत उतरले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस अशीं त्यांचीं नांवें. त्यांच्यासमवेत दोमिनिकन संघाचे फादर जॉर्दानुस हेही होते. ओर्मझहून निघतांना त्यांस जावयाचें होतें कोल्लम येथें. परंतु जहाज लागलें तें ठाण्यास. म्हणजे ज्या गांवीं त्यांचें नांव अजरामर झालें, तेथें येण्याचा त्यांचा मूळ बेतही नव्हता. त्या काळीं ठाण्यांत नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं कांहीं घरें होतीं. पुढें थोड्याच काळानें तेथें आलेल्या ओदोरिक नांवाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानें तीं पंधरा असल्याचें लिहून ठेविलें आहे. या घरांनीं थकल्याभागल्या पाहुण्यांस आपल्या छपराखालीं घेतलें.

या मंडळींत देमेत्रियस हा साधा बंधु होता, धर्मगुरु नव्हता. परंतु पूर्वेकडील भाषा त्यास येत असल्यामुळें तोच सर्वांचा दुभाषी होता. आरंभींच हें ध्यानांत ठेवावें. धर्मदूतांच्या चरित्रांत प्रवचनकाराचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें जातें व दुभाष्याचें नांव तळाशीं राहतें. वस्तुतः ऐकणाऱ्याच्या कानांपर्यंत जो शब्द पोंचतो, तो दुभाष्याचाच असतो.

फादर जॉर्दानुस यांस फारशी भाषा इतरांहून चांगली अवगत असल्यामुळें त्यांस पुढें पाठविण्यांत आलें. ते सोपाऱ्यास जाऊन भडोचच्या मार्गास लागले. इकडे ठाण्यांत मागें राहिलेल्या चौघांस काजीपुढें जावें लागलें. तेथें धर्माविषयीं प्रश्नोत्तरें झालीं, वाद पेटला, आणि त्याचा शेवट मृत्युदंडांत झाला. ९ एप्रिल १३२१ रोजीं थॉमस, जेम्स व देमेत्रियस यांनीं, आणि ११ एप्रिल रोजीं पीटर यांनीं आपले प्राण दिले. ही हकीकत सांगतांना आम्हांस एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. सातशें वर्षांपूर्वींच्या एका अधिकाऱ्याच्या कृत्याचा बोल आज शेजारीं नांदणाऱ्या कोणाही धर्मबांधवावर ठेवणें न्यायाचें नव्हे, व तें रक्तसाक्ष्यांच्या आत्म्यांसही रुचणार नाहीं.

फादर जॉर्दानुस यांनीं आपल्या सोबत्यांचे देह आणून सोपाऱ्यास पुरले, व ते एकटे मागें राहिले. येथूनच त्यांच्या कार्याचा दुसरा व अधिक फलदायी भाग सुरू झाला. त्यांनीं १३२१ च्या ऑक्टोबरांत व नंतर पुन्हां ठाण्याहून लिहिलेलीं पत्रें आज उपलब्ध आहेत, आणि पूर्वेकडील देशांच्या नवलाईविषयीं त्यांनीं लिहिलेला लॅटिन ग्रंथही प्रसिद्ध आहे. त्या ग्रंथांत फणसासारख्या आपल्या नित्याच्या फळांचेंसुद्धां वर्णन आहे. वाचकांस कदाचित् ही बाब क्षुल्लक वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. जो माणूस यजमानाच्या परसांतील झाडाकडे लक्ष देऊन पाहतो, तो यजमानाकडेही लक्ष देऊन पाहतो. पुढें १३२९ सालीं याच जॉर्दानुस यांस कोल्लमचे बिशप नेमण्यांत आलें. चौघांस ठाण्यांत अवघे थोडे दिवस लाभले, व त्यांनीं त्या दिवसांत आपलें रक्त दिलें; एकास वर्षें लाभलीं, व त्यानें त्या वर्षांत आपले डोळे व कान दिले. ख्रिस्तसभेस दोन्ही दानें लागतात.

दोन शतकांनीं ही गोष्ट उलट दिशेनें घडूं लागली. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. संत फ्रान्सिस झेविअर यांचे पाय या वसईस एकाहून अधिक वेळां लागले आहेत. तेच संत १५ ऑगस्ट १५४९ रोजीं जपानांतील कागोशिमा बंदरांत उतरले. त्यांच्या सोबत अंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षीं गोव्यास झाला होता. संतांस जपानी भाषा येत नव्हती. जें सांगावयाचें तें अंजिरोच्या मुखांतून. अंजिरो शास्त्री नव्हता. परमेश्वरास जपानी भाषेंत काय म्हणावें, असें विचारतां त्यानें ‘दाइनिची’ हा शब्द सुचविला, आणि तोच शब्द घेऊन उपदेश सुरू झाला. परंतु दाइनिची हें तेथील एका बौद्ध पंथांत पूजिल्या जाणाऱ्या बुद्धस्वरूपाचें नांव होतें. ऐकणाऱ्यांस वाटलें, कीं हे हिंदुस्थानाकडून आलेले लोक आपलाच धर्म आपणांस सांगत आहेत! ही गोष्ट ध्यानीं येतांच संतांनीं तो शब्द टाकिला व त्या जागीं ‘देऊस’ हा लॅटिन शब्द योजिला. जपानांत त्यांचा मुक्काम जेमतेम सव्वादोन वर्षांचा झाला. १५५१ च्या अखेरीस ते परतले. एवढ्या मोठ्या संतासही एका शब्दानें अडविलें. मग आठ दिवसांसाठीं जाणाऱ्या आपणां सामान्य जनांनीं किती सावध असावें बरें!

आतां वसईच्या सुपुत्राकडे वळूं. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई या मातीची. येशूसंघी धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, व वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षीं ते त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथें सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. तेव्हां त्यांनीं व्यापार धरिला, जपानचीं बंदरें व मनिला पाहिलीं, नाना प्रकारच्या माणसांशीं व्यवहार केला. अखेर मनिला येथें ते संत फ्रान्सिसच्या संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले.

जगाच्या दृष्टीनें पाहतां हीं वर्षें फुकट गेलीं असें कोणीही म्हणेल: येशूसंघाचें दार उघडलें नाहीं, व्यापारांत मन रमलें नाहीं. परंतु ईश्वर कोणाचेंही शिक्षण वांया दवडीत नाहीं. बाजारांत, घरांत, आजाऱ्याच्या उशाशीं व लहान मुलांच्या धर्मवर्गांत जी जपानी भाषा गोन्सालो शिकले, ती कोणत्याही पोथींतून त्यांस मिळाली नसती.

त्या भाषेची गरज लवकरच लागली. जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी यानें १५८७ सालीं परदेशी धर्मगुरूंस देश सोडण्याची आज्ञा केली होती, आणि पुढें फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे शरण येण्याची मागणी केली होती. १५९३ सालीं गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील करून पाठविलें. त्यांच्याबरोबर तीन फ्रान्सिस्कन बंधु होते, व त्यांतील एक गोन्सालो. क्यूशू बेटावरील नागोयाच्या छावणींत हिदेयोशीची भेट झाली. एका बाजूस कोरियावर फौजा धाडणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूस अनवाणी संन्यासी, आणि मध्यें वसईचा दुभाषी! दोन राज्यांच्या मानापमानाचीं वाक्यें त्याच्या जिभेवरून जात होतीं. एक शब्द उणाअधिक झाला असता, तर अनर्थ ओढवला असता. परिणामीं त्या मंडळींस राहण्याची परवानगी मिळाली, व ते तेव्हांची राजधानी क्योतो येथें गेले.

तेथें त्यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. १५९४ सालीं त्यांनीं देवदूतांच्या राणीच्या नांवें देऊळ उघडलें, आणि त्याजवळ निर्धन व कुष्ठरोगी यांच्यासाठीं रुग्णालय चालविलें. ज्यांस घरचे लोकही शिवत नव्हते, त्यांच्या जखमा या परदेशी भिक्षूंनीं धुतल्या. या सेवेस दुभाषी लागत नाहीं असें म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. जखम धुण्यास शब्द लागत नाहीं. परंतु रोग्यानें रात्रीं कण्हत जें सांगितलें, तें समजून घेण्यास त्याची भाषा लागते.

हें सुख फार काळ टिकलें नाहीं. १५९६ च्या ऑक्टोबरांत ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जात असतां वादळानें जपानच्या तोसा किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त झाला. त्या वेळीं जहाजावरील एका अधिकाऱ्यानें आपल्या राजाचें सामर्थ्य दाखविण्यासाठीं, प्रथम धर्मगुरु जातात व मागाहून फौजा जातात, अशा अर्थाचे उद्गार काढले असें सांगितलें जातें. ते उद्गार नेमके काय होते, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. परंतु हिदेयोशीचा संशय बळावला हें खरें. तीन वर्षें जखमा धुऊन जो विश्वास मिळविला, तो शस्त्रांच्या बढाईपुढें टिकला नाहीं. परक्या देशांत गेलेल्या धर्मदूतास स्वतःच्या पापांचाच नव्हे, तर आपल्या देशबांधवांच्या गर्वाचाही भार वाहावा लागतो.

डिसेंबरांत धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारींत क्योतो येथें कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, व ऐन हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. या सव्विसांत फादर पेद्रो होते, वसईचे गोन्सालो होते, जपानी येशूसंघी पॉल मिकी होते, आणि अवघ्या बारा वर्षांचा लुइस इबाराकी होता. आतां वाचकांनीं एक गणना करावी. सव्विसांपैकीं परदेशांतून आलेले सहाच; उरलेले वीस जण त्याच भूमीचे पुत्र. ज्या मिशनास पुरतीं चार वर्षेंही लाभलीं नाहींत, त्याच्या अंतीं पाहुण्यांच्या शेजारीं यजमान स्वखुशीनें मरणास उभे राहिले. धर्मदूताच्या कार्याचें याहून खरें माप आम्हांस ठाऊक नाहीं.

गोन्सालो यांचें जपानांतील शेवटचें कार्य पाहणारा म्हणेल, कीं तें अल्पकाळाचें होतें. आम्ही म्हणतों, कीं तें अल्पकाळाचें नव्हतेंच. त्या साडेतीन वर्षांच्या खालीं आठ वर्षांची धर्मसेवा व त्यानंतरचा व्यापारांतील सहवास, असा पाया होता. इमारत थोडक्यांत उभी राहिली, कारण पाया आधींच घातलेला होता. हेंच आमच्या लेखाचें सार आहे: अल्पकाळाची सेवा फळास येते, ती दीर्घकाळाच्या ओळखीवर उभी असते तेव्हां; मग ती ओळख स्वतः कमावलेली असो, वा जो ती कमावून बसला आहे त्याचा हात धरून मिळालेली असो.

याचा पुरावा पुढील इतिहासांतही आहे. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली, परदेशी धर्मगुरु हांकलले वा मारले गेले. लोकांनीं समजलें, कीं तेथील ख्रिस्तसभा संपली. परंतु ८ जून १८६२ रोजीं नववे पायस पोप यांनीं या सव्विसांस संतपद दिलें, त्यांच्या स्मरणार्थ नागासाकीस ओउरा येथें देऊळ बांधण्यांत आलें, आणि १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचे कांहीं लोक त्या देवळांत येऊन फादर पेतीजां यांस हळूच म्हणाले, कीं आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. अडीचशें वर्षें, धर्मगुरूंवांचून, बापानें मुलास व आईनें मुलीस प्रार्थना शिकवून त्यांनीं श्रद्धा राखिली होती!

आपल्या किनाऱ्यासही असा अनुभव आला आहे. १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं तारापूरचा किल्ला घेतला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें वसई पडली. युरोपांतील मठवासी निघून गेले. मागें राहिले ते एतद्देशीय धर्मगुरु आणि आपले पूर्वज. पाहुणे गेल्यावर घर यजमानांनींच संभाळलें. म्हणूनच १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, व म्हणूनच आज ज्युबिली साजरी करावयास आपण आहों.

येथें कोणी विचारील, कीं मग पाहुण्यानें यावेंच कशाला? त्याचें उत्तर फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें आहे. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघी १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं मरेपर्यंत येथेंच राहिले. त्यांनीं आपली भाषा लोकांवर लादली नाहीं. लोकांची भाषा आपलीशी केली, आणि १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें ख्रिस्तपुराण मराठी ओवींत रचून दिलें. चाळीस वर्षें सर्वांस देतां येत नाहींत. परंतु चाळीस वर्षें देणाऱ्याची वृत्ति चार दिवस देणाऱ्यासही ठेवतां येते.

ती वृत्ति पामच्या आपल्या तरुणांनीं व वडिलधाऱ्यांनीं अंगीं बाणवावी, अशी आमची नम्र विनंति आहे. सुटींत कोणी पाड्यावर सेवेसाठीं जाणार असेल, तर त्यानें निघण्यापूर्वीं तेथील बोलींतले चार शब्द शिकावे. निदान ‘तुम्ही जेवलांत का’ व ‘मला शिकवा’ एवढें तरी यावें. तेथें जो आपला दुभाषी होईल, त्यास हरकाम्या समजूं नये. तोच आपला गुरु, आणि वयानें लहान असला तरी त्या घडीस तोच वडील. तेथील रीत आपणांस विचित्र वाटली तर हंसूं नये. कागोशिमास एका शब्दानें केवढा घोटाळा केला तें आठवावें. वस्तु वांटून आल्याचा अभिमान धरूं नये. आपण परतल्यावर तेथल्या माणसाच्या हातीं कोणतें काम चालूं राहिलें, तें पाहावें. आणि एकदां गेलों त्याच पाड्यावर पुन्हां जावें. कारण दहा गांवांस एकेकदां भेट देण्यापेक्षां एका गांवास दहादां भेट देणें ओळखीच्या दृष्टीनें मोलाचें आहे.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू आम्हांस अधिक जवळची वाटते. ठाण्यांतील त्या पंधरा घरांचीं नांवें इतिहासानें नोंदविलीं नाहींत. त्यांनीं प्रवचनें केलीं नाहींत, प्रवास केले नाहींत. समुद्रावरून आलेल्या, भिन्न पंथाच्या व भिन्न भाषेच्या चार माणसांस त्यांनीं फक्त दार उघडलें. आज बोईसरच्या कारखान्यांत काम करणारा, मराठीचा एक शब्दही न जाणणारा कोणी परप्रांतीय ख्रिस्ती तरुण रविवारीं मिस्साच्या वेळीं देवळाच्या मागच्या बाकावर येऊन बसतो, तेव्हां तोही ठाण्याच्या बंदरांत उतरलेला पाहुणाच असतो. त्यास विचारणारें कोणी आहे काय? त्याच्यासाठीं देमेत्रियस कोण होईल? भाड्याच्या खोलींत तापानें पडलेल्या त्याच्या सोबत्याचें कण्हणें कोणाच्या कानांवर जाईल?

ज्युबिलीच्या खळ्यावर आपण जें धान्य मापणार, त्यांत या प्रश्नांच्या उत्तरांचेंही माप असावें. संत गोन्सालो गार्सिया यांनीं परक्यांची भाषा शिकून त्यांच्यांत आपलें घर केलें. त्यांच्या विनंतीनें ईश्वर आपल्या धर्मग्रामास असे कान देवो, कीं जे परक्याची बोली ऐकतील, आणि असें दार देवो, कीं जें त्याच्यासाठीं उघडें राहील.